हुकमाविना भिजणारी माणसं

या व्याख्यानमालेसाठी आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता. 'लष्करातले बिकट हवामानातले अनुभव.' मी म्हणालो, हवामानावर जरूर बोलतो, पण सैनिकांवर नाही. फुटबॉलचा सामना बघायला येऊन भर पावसात दोन दोन तास बसून राहणाऱ्या लोकांवर बोलतो. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, चालेल."

तर तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला किंवा कोलकात्याला, आज वीस मिनिटं माझ्याबरोबर जरा भिजा.

मी ३२ वर्षं पायदळात काढली. ऊन, पाऊस, थंडी या तिघांशी माझा नोकरीचा संबंध होता. पण सैनिक हवामान सोसतो त्यात एक सोय असते. कुठं उभं राहायचं, किती वेळ राहायचं, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. फुटबॉलच्या प्रेक्षकाला ती सोय नसते. त्याला कुणी थांब म्हणत नाही. उलट घरचे जाऊ नको म्हणतात. फाटक उघडं असतं, घर दोन किलोमीटरवर असतं, आणि तरी तो उठत नाही. हे कोडं मला आयुष्यभर पडलेलं आहे.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. मी कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, तांबडा-पांढरा आठवतो. पण पेठांमधल्या माणसाला विचारा, तो फुटबॉल सांगेल. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं, आणि त्यांच्याच नावानं अकरा पोरं शाहू स्टेडियमवर उतरतात. संघ पेठेचा असतो, त्यामुळे हार-जीतही पेठेची असते.

आमचा मोसम हिवाळ्यात सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. म्हणजे महत्त्वाचे सामने नेमके एप्रिल-मेच्या उन्हात. पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात. माझे मामा मला न्यायचे. डोक्यावर ओला टॉवेल, बुडाखाली घडी केलेला पेपर, खिशात शेंगदाणे. मी कधी "मामा, चटका बसतोय" म्हटलं तर ते म्हणायचे, "सगळ्यांनाच बसतोय. तू काय वेगळा हैस?"

आणि मग कधीतरी वळीव यायचा. तुमच्यातल्या घाटावरच्या लोकांना ठाऊक आहे, वळीव निरोप पाठवून येत नाही. धुळीचा लोट उठतो, आभाळ काळं होतं, आणि टपोरे थेंब सुरू होतात. पाच मिनिटांत माणूस नखशिखांत भिजतो. तेव्हा मी पाहिलं, कुणी उठत नाही. लहानपणी मला वाटायचं, केवढी ही निष्ठा! मामांना विचारलं तर ते म्हणाले, "निष्ठा कसली? उठलं की जागा जाती."

मोठेपणी कळलं की दोन्ही खरं आहे.

पुढे १९९० च्या दशकात, मेजर असताना, माझी बदली कोलकात्याला झाली. तिथं फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय आहे. अलीकडेच त्याचं नाव बदलून 'विजय दुर्ग' झालं. आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून ते नाव घेतलंय, हे ऐकून मला फार बरं वाटलं. या किल्ल्याच्या भोवती पसरलेलं हिरवं मैदान म्हणजे कोलकात्याचं 'मैदान'. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहामेडन स्पोर्टिंग या तिन्ही मोठ्या क्लबांची मैदानं तिथंच, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मला पहिला धक्का बसला तो वेळापत्रकाचा. आमच्या कोल्हापुरात पाऊस आला की फुटबॉल संपतो. तिथं पाऊस आला की फुटबॉल सुरू होतो! कलकत्ता लीग १८९८ पासून चालत आलीय, आणि ती परंपरेनं ऐन पावसाळ्यातली. याचं कारण इंग्रजांच्या काळातलं. हिवाळ्यात मैदानं क्रिकेटसाठी राखून ठेवायची. कोरड्या दिवसांत जमीन दगडासारखी होते, तिच्यावर पडलं की गुडघे फुटतात. पावसानं माती मऊ होते, गवत वाढतं. खेळणाऱ्यांच्या सोयीनं मोसम ठरला. बघणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

आपल्या फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवसही असाच पावसाळ्यातला आहे. २९ जुलै १९११. आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. मोहन बागानच्या अकरा जणांपैकी दहा अनवाणी होते. समोर बूट घातलेले गोरे सैनिक. लोक एवढे आले होते की बहुतेकांना मैदान दिसतच नव्हतं. पतंग उडवून गोलांची बातमी मागच्यांना कळवली, असं सांगितलं जातं.

अनवाणी खेळण्यामुळं बंगालच्या प्रेक्षकाचं पावसाशी एक विचित्र नातं झालं होतं. कोरड्या मैदानावर आपला अनवाणी खेळाडू चपळ. चिखल झाला की त्याचा पाय घसरतो आणि बूटवाल्याचं फावतं. म्हणजे आभाळ भरून आलं की प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायचा तो स्वतः भिजण्याच्या भीतीनं नव्हे, तर आपला माणूस घसरेल म्हणून. पुढं मोहामेडन स्पोर्टिंगनं ओल्या मैदानावर बूट घालायला सुरुवात केली आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं लीग जिंकली. त्या यशात बुटांचा वाटा मोठा होता असं जाणकार मानतात.

किल्ल्याच्या बाजूला मातीचा एक उंचवटा आहे, त्याला 'रॅम्पार्ट' म्हणत. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसत ते तिथं उभे राहून सामना बघत. गर्दी झाली की मागच्यांना दिसायचं नाही. मग पुठ्ठ्याच्या नळीत दोन आरसे बसवून पेरिस्कोप करायचे. ते भाड्यानंही मिळत. खंदकातून शत्रूवर नजर ठेवायची आम्हा सैनिकांची ही युक्ती. त्या लोकांनी ती कॉर्नर किक बघायला वापरली.

एका ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दुपारी मी साध्या कपड्यांत लीगचा एक सामना बघायला गेलो. लाकडी गॅलरी, वर उघडं आभाळ. मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यातली, ती मोकळी राहावी म्हणून तिथं पक्की बांधकामं सहजासहजी होत नाहीत. कारण योग्यच आहे, पण त्या लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही यात आमचाही थोडा वाटा आहे, हे मला तिथं बसल्यावर सुचलं.

सामना सुरू होण्याआधी असा उकाडा की शर्ट पाठीला चिकटलेला. दहाव्या मिनिटाला पाऊस आला. मी सवयीनं छत्री उघडली. मागून एवढा आरडाओरडा झाला की माझ्या कमांडिंग ऑफिसरनंही मला कधी तेवढं झापलं नसेल. छत्री उघडली की मागच्या चार जणांचा सामना बुडतो, हा तिथला कायदा. मी मुकाट्यानं छत्री मिटली.

शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, डोक्यावर मिठाईच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी चष्मा पुसायला कोरडा रुमाल जेवणाच्या डब्यात घालून आणला होता. दर दोन मिनिटांनी डबा उघडायचा, चष्मा पुसायचा, रुमाल आत, झाकण बंद. माझे केस बघून त्यांनी ओळखलं. म्हणाले, "मिलिटारी?" मी हो म्हणालो. ते मैदानावरची नजर न काढता त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले, "आप लोग ऑर्डर से भीगता है. हम टिकट काट के भीगता है."

मी हसलो. हे वाक्य मला पुढं किती टोचणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

आता जे सांगणार आहे ते मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी मी एका पलटणीचा कमांडिंग ऑफिसर होतो. छावणीचं नाव सांगत नाही. तिथं पलटणींमधल्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. आमचा संघ आधीच बाहेर पडला होता. पण एक वरिष्ठ पाहुणे बक्षीस द्यायला येणार होते आणि मैदानाची एक बाजू रिकामी दिसू नये म्हणून प्रत्येक पलटणीनं माणसं पाठवायची होती. माझे २०० जवान रांगा करून गवतावर बसले. पाहुण्यांना उशीर झाला. सामना अडला. आणि पाऊस सुरू झाला.

मी शामियान्यात होतो. खुर्चीवर, हातात चहा. आमचे सुभेदार मेजर भिजत माझ्यापाशी आले, सलाम केला आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पोरांना शेडमध्ये घेऊ का? सामना सुरू झाला की परत बसवतो."

मी घड्याळ बघितलं. पाहुणे केव्हाही येतील. मी म्हणालो, "राहू दे साहेब, आता थोडंच राहिलंय."

थोडं म्हणजे पाऊण तास. मग सामना, मग बक्षीस समारंभ, मग भाषण. पोरं शेवटपर्यंत सरळ बसली. टाळ्या सांगितल्या तेव्हा वाजवल्या. एकही शिट्टी नाही, एकही आरोळी नाही. २०० तरुण मुलं फुटबॉल बघतायत आणि आवाज नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिक रिपोर्टला एरवीपेक्षा कितीतरी जास्त पोरं होती. त्यातल्या एकाला आधीच बारीक ताप होता. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण फॉल-इनचा हुकूम होता. त्याला न्यूमोनियापर्यंत गेलं. दहा दिवस इस्पितळात. बरा झाला, देवाची कृपा. मी भेटायला गेलो तेव्हा तो उठून बसायला लागला. मी म्हणालो, पडून राहा. तो म्हणाला, "साहेब, मॅच चांगली झाली." त्यानं ती बघितलीसुद्धा नसणार. मला वाईट वाटू नये म्हणून तो तसं म्हणाला. सुभेदार मेजर साहेब माझ्या मागं उभे होते. ते या विषयावर मला पुढं कधी एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परत येताना जीपमध्ये मला डब्यात रुमाल ठेवणारे ते म्हातारे गृहस्थ आठवले. पाऊस तोच. फुटबॉलही तोच. माझी पोरं विशीतली, कमावलेल्या शरीराची, आणि ते सत्तरीचे. पण ते भिजत होते ते स्वतःच्या मर्जीनं. माझ्या पोरांना मी भिजवलं होतं, कुणाला तरी मैदान भरलेलं दिसावं म्हणून.

त्याच पावसाळ्यात आमच्या पलटणीतल्या कंपन्यांचा अंतिम सामना आला. मी ऑर्डरमध्ये लिहायला लावलं की उपस्थिती ऐच्छिक. ॲडज्युटंटनं दोनदा विचारलं, "सर, ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक?" त्या दिवशीही पाऊस लागला. शामियाना लावला नाही, मी गवतावर जाऊन बसलो. सगळी पलटण लोटली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. निम्मे आले. बाकीचे बराकीत झोपले, पत्रं लिहीत बसले, आणि तो त्यांचा हक्क होता. पण त्या निम्म्यांचा आवाज! कुणी थाळ्या आणल्या होत्या, कुणी डबे. माझ्या शेजारचा एक शिपाई, मी कमांडिंग ऑफिसर आहे हे साफ विसरून, गोल झाल्यावर माझ्या पाठीत बुक्की घालून मोकळा झाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पांढरा पडला. मी म्हणालो, "गोल चांगला होता."

म्हणून, मंडळी, माझ्या कोड्याचं मला मिळालेलं उत्तर असं. सोसायची ताकद शरीरात असते हे अर्धंच खरं. शरीराचा हिशेब सरळ आहे. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं, ओला कपडा अंगाची ऊब राखत नाही, वारा सुटला की माणूस कुडकुडतो. हे चाहत्यालाही लागू आणि जवानालाही. फरक एवढाच की चाहत्याला ठाऊक असतं, मी आत्ता उठू शकतो. उठायची मुभा असते म्हणून तो बसू शकतो.

हे मी देशभर बघितलंय. श्रीनगरला २०१६ साली रियल काश्मीर नावाचा क्लब निघाला, २०१४ च्या महापुरानंतरच्या उदास दिवसांत. दोन वर्षांत तो आय-लीगमध्ये पोचला. हिवाळ्यात तिथले लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून सामने बघतात. आणि कोलकात्यात १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यासाठी सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं आली. जुलैचा तो दमट उकाडा, माणसाला माणूस चिकटलेलं. ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ हरवलं, बायचुंग भुतियानं तीन गोल केले. त्या गर्दीत माझ्या ओळखीचे एक जण होते. त्यांना आज विचारलं तर ते गोल सांगतात, उकाडा सांगत नाहीत.

पण आता मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा शामियान्यात बसल्यासारखा होईन.

चाहता सोसतो याचं कौतुक करता करता आपण ते गृहीत धरायला लागतो. तो उन्हात बसतोच, मग सावली कशाला? तो भिजतोच, मग पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, चिखल नसलेली वाट कशाला? १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ चाहते गेले. ते हवामानानं गेले नाहीत. पण सामना बघायला गेलेली पोरं घरी परत आली नाहीत. बंगालमध्ये तो दिवस आजही फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात. प्रेक्षकाच्या जिवाची जबाबदारी त्याच्या प्रेमावर ढकलता येत नाही, हे त्या दिवसानं शिकवलंय.

हवामानापुरतं बोलायचं तर पावसापेक्षा मला विजेची भीती वाटते. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसं वीज पडून मरतात. उघडं मैदान, लोखंडी खांब, हजारो माणसं, आणि वळीव. एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. वीज चमकली की मोजायला लागा. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. उठा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. आयोजकांनी तर हे लाऊडस्पीकरवरून सांगितलंच पाहिजे. ओलं होणं ही ज्याची त्याची हौस असू शकते. विजेच्या बाबतीत हौस चालत नाही.

शेवट पुन्हा कोल्हापुरात करतो. निवृत्तीनंतर मी तिथंच राहतो. मागं एका मे महिन्यात नातवाला घेऊन शाहू स्टेडियमवर गेलो होतो. तो अकरा वर्षांचा, माझ्यापेक्षा कट्टर. उत्तरार्धात आभाळ भरून आलं, थेंब पडायला लागले. अपेक्षेप्रमाणे कुणी हललं नाही, आम्हीही नाही. मग लांबवर वीज चमकली. मी मोजलं. बावीस.

मी उठलो. नातू म्हणाला, "आजोबा, जागा जाईल!"

मी म्हणालो, "जाऊ दे."

आजूबाजूच्या चार लोकांनाही सांगितलं. दोघं उठले, दोघं हसले. आम्ही बाहेर येऊन एका दुकानात उभे राहिलो. नातू रागानं माझ्याशी बोलत नव्हता. थोड्याच वेळात पंचांनी खेळ थांबवला आणि मग बरीच गर्दी बाहेर आली. वळीव जसा आला तसा गेला. आम्ही अर्धा तास पुरता काढला, चहा झाला, आणि पुन्हा आत गेलो.

आमच्या जागेवर भिजून लगदा झालेला एक पेपर पसरलेला होता. शेजारी मघाचे ते हसणारे दोघं, चिंब. एक जण म्हणाला, "कर्नलसाहेब, जागा धरून ठेवली. पण पुढच्या वेळी आम्हालाबी दरडावून उठवा. लई जवळ पडली ती."

मी म्हणालो, "दरडावणार नाही. विचारीन."